वाचायला शिकवणाऱ्यांना कोण शिकवतं?

न्यू जर्सी किंवा न्यूयॉर्कमधल्या मराठी घरांत मूल पाच वर्षांचं व्हायला आलं की चार्टर शाळेचा विषय निघतोच. फी नाही, जिल्ह्याच्या शिक्षण खात्याचं रोजचं दडपण नाही आणि प्रवेश सोडतीने. न्यूयॉर्कमध्ये साधारण 1 एप्रिलपर्यंत अर्ज करायचा आणि मग सोडतीत नंबर लागतोय का याची वाट बघायची. या शाळांची माहितीपत्रकं चाळली तर त्यांत बरेचदा अभिमानाने लिहिलेलं असतं की आमच्याकडे पूर्णवेळ लिटरसी कोच आहेत. काही शाळा त्यांनाच स्टाफ डेव्हलपर म्हणतात. पालकांना वाटतं, वाचनात कच्च्या मुलांची वेगळी शिकवणी घेणाऱ्या बाई असाव्यात. पण या बाईंचे विद्यार्थी म्हणजे त्या शाळेतले शिक्षकच.

पगारी, पदवीधर, परवानाधारक शिक्षकांना वाचन शिकवायला शिकवण्यासाठी शाळेने वेगळं माणूस ठेवावं, याचं आपल्याला नवल वाटतं. त्यामागे बरीच मोठी गोष्ट आहे आणि ती सगळी गोड नाही.

आधी चार्टर म्हणजे काय ते पाहू. 1991 मध्ये मिनेसोटा राज्याने असा कायदा पहिल्यांदा केला आणि पुढच्याच वर्षी सेंट पॉल शहरात पहिली चार्टर शाळा उघडली. न्यूयॉर्कचा कायदा 1998 चा. कल्पना सौद्यासारखी आहे. सरकार पैसे देणार आणि बरेचसे नियम शिथिल करणार. बदल्यात शाळेने ठरलेल्या मुदतीत, बहुधा पाच वर्षांत, निकाल दाखवायचे. नाही दाखवले तर करार संपतो आणि शाळेला टाळं लागू शकतं. आज अशा शाळांत सुमारे 37 लाख मुलं शिकतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका केंद्राने 2023 मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चार्टरमधली मुलं वर्षाकाठी, तशाच परिस्थितीतल्या साध्या सरकारी शाळांतल्या मुलांपेक्षा, वाचनात सरासरी 16 दिवसांच्या शिकवण्याइतकी पुढे आणि गणितात 6 दिवसांइतकी पुढे दिसली. पण ही सरासरी झाली. काही शाळा कितीतरी पुढे आणि काही मागे, असं चित्र त्याच अभ्यासात आहे. म्हणजे ‘चार्टर’ ही पाटी बघून फारसं काही कळत नाही. आत काय चालतं ते बघावं लागतं.

आत कारभार असा असतो की कोणती पुस्तकं लावायची, दिवस किती तासांचा, कोणाला नोकरीवर घ्यायचं, हे प्रिन्सिपल आणि शाळेचं मंडळ ठरवतं. अनेक चार्टर शाळांत आठवड्यातून एक दिवस मुलांना लवकर सोडतात आणि उरलेली दुपार शिक्षकांच्या प्रशिक्षणाला देतात. मुलांच्या आधी दोन-तीन आठवडे शिक्षकांची शाळा सुरू होते. याला कारणही आहे. तिथे शिक्षक बरेचदा तरुण असतात, एक-दोन वर्षांच्या अनुभवाचे, आणि गळतीही मोठी. महाविद्यालयातून वाचन शिकवण्याचं पक्कं ज्ञान घेऊनच ते येतील याची खात्री शाळेला नसते.

वाचन म्हणजे नेमकं काय शिकवायचं

आपल्याला ही अडचण पटकन समजत नाही, कारण मराठीत अक्षर आणि आवाज यांची जोडी बऱ्यापैकी इमानी आहे. ‘क’ला काना दिला की ‘का’, मग तो कुठेही येवो. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आणि ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ सोडले तर मूल एकदा बाराखडी आणि जोडाक्षरांतून पार झालं की कुठलाही शब्द उच्चारू शकतं. इंग्रजीत 26 अक्षरांवर साधारण 44 आवाजांचा भार आहे. ‘ए’ हे एकच अक्षर कॅटमध्ये वेगळं, केकमध्ये वेगळं आणि कारमध्ये आणखी वेगळं. हे मुलांना आपोआप उमगत नाही. काहींना उमगतं, पण बऱ्याच जणांना क्रमाने, मुद्दाम, सराव घेत शिकवावं लागतं.

1986 मध्ये गफ आणि टनमर या संशोधकांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: अक्षरांवरून शब्द उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. इथे गुणाकार आहे हे महत्त्वाचं. एक बाजू शून्य असेल तर गुणाकार शून्य. इंग्रजी फाडफाड बोलणारं पण शब्द न उलगडता येणारं मूल वाचू शकत नाही. आणि पानभर अचूक मोठ्याने वाचून ‘काय वाचलंस?’ विचारल्यावर गप्प बसणारं मूलही खऱ्या अर्थाने वाचत नाही. 2000 साली अमेरिकी सरकारने नेमलेल्या नॅशनल रीडिंग पॅनेलने शिकवण्याच्या पाच बाजू नोंदवल्या: शब्दातले सुटे आवाज ऐकू येणं, अक्षर-आवाजाची जोडी म्हणजे फोनिक्स, ओघ, शब्दसंग्रह आणि आकलन. यादी पाठ करायला सोपी आहे. वीस-पंचवीस सहा वर्षांच्या मुलांसमोर उभं राहून ती रोज अमलात आणणं ही वेगळीच कला आहे.

कोचचं काम इथे सुरू होतं. समजा पहिलीचा वर्ग आहे आणि फळ्यावर इंग्रजी ‘शिप’ (ship) हा शब्द आहे. शिक्षिका मुलांना तीन चौकटी काढायला लावते आणि प्रत्येक आवाजाला एक टिकली सरकवायला सांगते. एका मुलाने चार टिकल्या ठेवल्या. शब्दात अक्षरं चार आहेत, म्हणून. पण एस आणि एच मिळून आवाज एकच आहे. शिक्षिका ‘चूक, परत कर’ म्हणून पुढे जाते. मागे बसलेली कोच वहीत लिहून ठेवते: मूल आवाज मोजत नाही, अक्षरं मोजतंय.

दुसरी एक गोष्ट कोचच्या कानाला खटकते. शिक्षिका आवाज सुटे करून दाखवताना ‘श, इ, प’ म्हणते, म्हणजे प्रत्येक व्यंजनाला नकळत ‘अ’ लावून. आपल्या लिपीत व्यंजनात ‘अ’ मुळातच असतो, त्यामुळे मराठी कानाला यात काहीच वावगं वाटणार नाही. पण इंग्रजी जोडून वाचायला शिकणारं मूल ‘श, इ, प’ जोडून ‘शइप’ असं काहीतरी म्हणतं आणि त्याला ‘शिप’ सापडत नाही. तिथे पाय मोडलेले ‘श्’ आणि ‘प्’च हवेत. पाहायला गेलं तर एवढीशी बाब. पण अशा एवढ्याशा बाबींवरच पहिलीतली पाच-सहा मुलं अडतात, आणि वर्गात उभ्या असलेल्या शिक्षिकेला स्वतःचा उच्चार ऐकू येत नाही.

दुपारी वीस मिनिटं दोघी बसतात. कोच भाषण देत नाही. ‘त्या चार टिकल्या का ठेवल्या असतील?’ एवढंच विचारते. मग दोघी मिळून उद्याच्या तासाची तालीम करतात, अक्षरशः उभं राहून, कोच मूल होते आणि शिक्षिका शिक्षिका. दुसऱ्या दिवशी कोच परत येते आणि फक्त तेवढीच एक गोष्ट बघते. गरज पडली तर स्वतः तास घेऊन दाखवते. हे चक्र एका शिक्षिकेबरोबर काही आठवडे चालतं आणि मग कोच पुढच्या वर्गाकडे वळते.

यात प्रिन्सिपल कुठे येतात? अगदी मध्यभागी. कोच कितीही हुशार असली तरी तिचा वेळ तिच्या हातात नसतो. एखादे शिक्षक आजारी पडले की ‘तेवढा वर्ग सांभाळा’, परीक्षा आल्या की ‘पेपरांचे गठ्ठे लावा’, जेवणाच्या सुट्टीत कॅफेटेरियात पहारा. अशा तऱ्हेने कोचचा आठवडा वाहून जातो आणि वर्षअखेरीस लोक म्हणतात, कोच नेमून काही फरक पडला नाही. दोन शिक्षिकांना आणि कोचला एकाच वेळी मोकळा तास मिळेल असं वेळापत्रक बसवणं हे कंटाळवाणं, कारकुनी काम आहे. माझ्या मते शाळेचं नेतृत्व खरं तिथेच दिसतं, सकाळच्या सभेतल्या भाषणात नाही. दुसरं पथ्य असं की कोचने पाहिलेलं शिक्षकाच्या गोपनीय अहवालात जाऊ नये. ज्या दिवशी कोचची वही साहेबांच्या टेबलावर जाते, त्या दिवसापासून शिक्षक फक्त बसवलेले, घोटलेले धडे दाखवतात आणि अडचण लपवतात.

मॅनहॅटनचा धडा

स्टाफ डेव्हलपर ही जमात मोठी झाली ती न्यूयॉर्कमध्येच, आणि चार्टर शाळा यायच्या आधी. 1987 मध्ये अँथनी अल्व्हाराडो मॅनहॅटनच्या कम्युनिटी डिस्ट्रिक्ट 2 या शालेय जिल्ह्याचे अधीक्षक झाले. या पट्ट्यात चायनाटाउनमधल्या स्थलांतरितांच्या शाळाही येत आणि अप्पर ईस्ट साइडच्या श्रीमंत वस्तीतल्याही. वर्षातून एखाददुसऱ्या दिवशी सगळ्या शिक्षकांना सभागृहात बसवून प्रशिक्षणाचा सोपस्कार उरकायची जुनी पद्धत त्यांनी मोडली. बाहेरून तज्ज्ञ सल्लागार आणले आणि त्यांना थेट वर्गात पाठवलं. एक योजना तर फारच देखणी होती. एखादी शिक्षिका तीन आठवडे एका मुरब्बी शिक्षिकेच्या वर्गात राहायची, बघायची, हात चालवून पाहायची. तेवढे दिवस तिचा स्वतःचा वर्ग अनुभवी बदली शिक्षिका सांभाळायची. मुख्याध्यापकांच्या मासिक सभा डबे, बस आणि इमारत-दुरुस्तीऐवजी शिकवण्यावर होऊ लागल्या. अधीक्षक आणि त्यांचे सहकारी शाळांत येऊन मुख्याध्यापकांबरोबर वर्गावर्गांतून फिरत आणि विचारत: या वर्गात कोणाला मदत हवी आहे आणि तुम्ही काय केलंत? ज्यांना हे जमेना अशा बऱ्याच मुख्याध्यापकांना जागा सोडावी लागली.

शहरात असे 32 शालेय जिल्हे होते. वाचनाच्या निकालांत डिस्ट्रिक्ट 2 दहाव्या क्रमांकावर होता, तो 1996 पर्यंत दुसऱ्या क्रमांकावर आला. वस्तीही त्या काळात बदलत गेली, त्यामुळे सगळं श्रेय प्रशिक्षणाला देता येणार नाही, असं टीकाकार म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. तरी अमेरिकेतल्या शिक्षण-प्रशासनाच्या वर्गांत हा प्रयोग आजही शिकवला जातो. आजच्या चार्टर शाळांतल्या कोच, वर्गफेऱ्या, साप्ताहिक बैठका यांची मुळं बरीचशी तिथे आहेत.

आता या गोष्टीची कडू बाजू. डिस्ट्रिक्ट 2 मध्ये आणि नंतर शहरभर या यंत्रणेतून जी पद्धत पसरली ती ‘बॅलन्स्ड लिटरसी’. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये लूसी कॅल्किन्स यांनी 1981 मध्ये सुरू केलेला वाचन-लेखन प्रकल्प हे तिचं मोठं केंद्र. 2003 मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांच्या काळात शहराने ही पद्धत शेकडो शाळांत लावली आणि सोबत कोचही दिले. पद्धतीत चांगलं पुष्कळ होतं: वर्गात पुस्तकांची रेलचेल, मुलांनी स्वतः निवडून वाचणं, रोज लिहिणं. पण अडलेल्या शब्दापाशी मुलाला काय सांगायचं, या साध्या प्रश्नावर ती घसरली. चित्र बघ, वाक्यात काय बसेल ते बघ, पहिलं अक्षर बघ आणि अंदाज कर, असं मुलांना शिकवलं जायचं. याच्या मुळाशी केन गुडमन यांची 1967 मधली मांडणी होती, की वाचन हा मुख्यतः अंदाज बांधण्याचा खेळ आहे. मग पानावर ‘पोनी’ लिहिलेलं असताना मूल चित्रातला घोडा बघून ‘हॉर्स’ म्हणायचं आणि अर्थ तर जुळला म्हणून त्याला शाबासकी मिळायची. पहिलीत हे खपून जातं. चौथीत पुस्तकांतली चित्रं संपतात आणि मूल उघडं पडतं.

डोळ्यांच्या हालचालींवरच्या आणि मेंदूवरच्या संशोधनाने दाखवलं की सराईत वाचक शब्दातलं जवळपास प्रत्येक अक्षर टिपतो. अंदाजाची कुबडी घेतो तो कच्चा वाचक. म्हणजे आपण कच्च्या वाचकाची सवय पद्धत म्हणून शिकवत होतो. 2022 मध्ये पत्रकार एमिली हॅनफर्ड यांच्या एका पॉडकास्ट मालिकेने हा विषय घराघरांत नेला. पालक चिडले. कॅल्किन्स यांनीही आपल्या अभ्यासक्रमात फोनिक्सच्या बाजूने बदल केले होते, पण 2023 मध्ये टीचर्स कॉलेजने तो प्रकल्प बंद केला. त्याच वर्षी न्यूयॉर्क शहराने प्राथमिक शाळांना तीन मान्य अभ्यासक्रमांपैकी एक वापरायची सक्ती केली.

मला या सगळ्यात सर्वांत मोठी वाटते ती ही गोष्ट. नळजोडणी अप्रतिम होती, गळती नव्हती, घराघरांत पोचली होती. टाकीतलं पाणी तपासायचं राहून गेलं. शिक्षकांना शिकवण्याची यंत्रणा जितकी कार्यक्षम, तितकी चूकही कार्यक्षमतेने पसरते. ‘कोच आहेत’ हे ऐकून समाधान मानू नये ते यासाठी.

चार्टर शाळांना शहराची ती सक्ती लागू नाही. त्या स्वतःचा अभ्यासक्रम निवडतात. काही शाळांनी फोनिक्स फार आधीपासून नेटाने धरून ठेवलं होतं आणि कोणाच्या फर्मानाची वाट पाहिली नाही. काहींनी मात्र शहराचीच पद्धत उचलली होती, आणि त्यांना ती सोडायला भाग पाडणारंही कोणी नाही. स्वातंत्र्य दोन्ही बाजूंनी कापतं.

योग्य पाणी आणि चांगली नळजोडणी एकत्र आली तर काय होतं, याचं उदाहरण चार्टर शाळांच्या जगाबाहेर आहे. मिसिसिपी हे अमेरिकेतल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी एक. 2013 मध्ये तिथे कायदा झाला. शिक्षकांना वाचनशास्त्राचं सविस्तर प्रशिक्षण, सर्वांत मागे असलेल्या शाळांत राज्याने निवडून पाठवलेले कोच, आणि तिसरीत वाचता येत नसेल तर मुलाला त्याच वर्गात ठेवणं. चौथीच्या राष्ट्रीय वाचन चाचणीत हे राज्य 2013 मध्ये 49 वं होतं, 2019 मध्ये 29 वं आणि 2024 मध्ये नववं. नापास करण्याच्या नियमामुळे आकडे फुगले का, यावर वाद चालू आहे. पण एवढ्या मोठ्या उडीचं सगळं स्पष्टीकरण त्यात बसत नाही, असं माझं मत.

कोचिंगचा परिणाम मोजणारा एक चांगला अभ्यास मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये केला, 60 संशोधनांचा एकत्रित हिशोब मांडून. शंभर शिक्षकांची रांग कल्पून बघा. कोचिंगने मधोमध उभा असलेला शिक्षक शिकवण्याच्या दर्जात साधारण 19 जागा पुढे सरकला. मुलांच्या निकालात मात्र मधलं मूल जेमतेम 7 जागा पुढे गेलं. शिकवण्यातला सगळा फायदा मुलांपर्यंत पोचत नाही, वाटेत बराच झिरपतो. आणि कार्यक्रम जितका मोठा, तितका परिणाम कमी. तीनशे-चारशे मुलांच्या एकट्या चार्टर शाळेला हे सोयीचं आहे, कारण तिथे कोच प्रत्येक शिक्षकाला नावाने आणि खोडीने ओळखते. गैरसोय म्हणजे मघाशी सांगितलेली शिक्षकांची गळती. जूनमध्ये तयार झालेली शिक्षिका राजीनामा देते आणि ऑगस्टमध्ये कोच परत ‘श्’ आणि ‘प्’पासून सुरुवात करते.

तिसरीनंतर आणखी एक खड्डा असतो. न्यूयॉर्कमध्ये राज्याची परीक्षा तिसरीपासून सुरू होते आणि चार्टर टिकवायचं तर तिथे गुण हवेत. मग शाळा ‘मुख्य कल्पना ओळखा’ छापाच्या उताऱ्यांचा रतीब घालतात आणि विज्ञान-इतिहासाचे तास आक्रसतात. 1988 मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी केलेला एक प्रयोग अशा वेळी आठवावा. बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन सातवी-आठवीच्या मुलांना वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आकलन हे बरंचसं विषयाच्या माहितीवर चालतं. विज्ञानाचा तास कापून वाचन सुधारत नाही. हे कळणारा प्रिन्सिपल परीक्षेच्या धाकात असा तास वाचवतो का, यावरून त्याची पारख होते.

महाराष्ट्रातल्या शिक्षकांना हे वाचताना केंद्रप्रमुख आणि विषय साधनव्यक्ती आठवले असतील. आपल्याकडे ती पदं आहेत, महिन्याची शिक्षण परिषदही आहे. पण एका केंद्रात दहा-पंधरा शाळा आणि टपाल, माहिती, ऑनलाइन नोंदी यांचा भार. त्यात एका वर्गात सलग चार दिवस मागे बसून बघणं कुठून व्हायचं? अमेरिकेतल्या कोचला कॅफेटेरियाचा पहारा असतो, आपल्याला एक्सेल तक्ता. रोग एकच.

तर सोडतीत नाव लागलं आणि शाळा बघायला बोलावलं, तर कोच किती आहेत हे विचारू नका. गेल्या आठवड्यात कोच किती वर्गांत बसल्या आणि किती दिवस त्यांना दुसऱ्या कामाला लावलं, ते विचारा. मूल शब्दापाशी अडलं तर शिक्षिका त्याला काय सांगते, ते विचारा. ‘चित्र बघ’ असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न तयार ठेवा. पहिलीच्या मुलांच्या हातातली पुस्तकं चाळा: त्यांतले शब्द मुलांना आतापर्यंत शिकवलेल्या आवाजांतून वाचता येतील असे आहेत, की प्रत्येक पानावर तेच वाक्य आणि फक्त चित्र बदललेलं? आणि जमलं तर दोन वर्षांपूर्वी पहिलीला शिकवणाऱ्या शिक्षिका अजून शाळेत आहेत का, हेही सहज विचारून घ्या.